रशियन शिकवताना मराठीचा हात धरा

प्रश्न : बारावीनंतर वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जाणाऱ्या मुलांचा वर्ग घेणार आहे. हाताशी तीन महिने आहेत. अक्षरं इंग्रजीवरून शिकवावीत की देवनागरीवरून?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : देवनागरीवरून, आणि तीही पहिले दोन आठवडेच. रशियनमध्ये ३३ अक्षरं आहेत. त्यातली काही इंग्रजीसारखी दिसतात आणि तशीच वाजतात, त्यामुळे मुलं निर्धास्त होतात आणि पुढच्या अक्षरांना फसतात. इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं, 'एच'सारखं 'न', 'सी'सारखं 'स', 'बी'सारखं 'व'. 'रेस्तोरान' ही साधी हॉटेलची पाटी मुलं हमखास 'पेक्टोपाह' वाचतात. ही फसवी अक्षरं पहिल्याच दिवशी फळ्यावर वेगळी मांडा.

उच्चारात मराठी मुलांना आयतं भांडवल आहे. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च यांना रशियनमध्ये दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. चहाला 'चाय' म्हणतात, तिथे चिमणीचा च. वडिलांना 'अत्येच', तिथे चमच्याचा. सुरुवात अशा शब्दाच्या शेवटी येणाऱ्या च पासून करा. सर्कशीचा शब्द 'चिर्क' लगेच घेतलात तर पुढच्या इकारामुळे जीभ आपोआप चिमणीच्या च कडे घसरते. घशातून घासत येणारा 'ख' मात्र मराठी मुलं आपल्या ख सारखा फुंकून म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांना तो सहज येतो आणि चमच्याचा च तेलुगू मुलांनाही जमतो. सोलापूरच्या वर्गात या सगळ्या भाषा बाकाबाकावर असतात. मुलांच्या जोड्या लावा, एकमेकांकडून ती लवकर शिकतात.

दोन आठवड्यांनंतर शब्दाखाली देवनागरी लिहिणं बंद करा. दूध हा शब्द लिहितात 'मोलोको', वाचतात 'मलाको', कारण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेला ओ आ कडे झुकतो. देवनागरीत उच्चार लिहून घेतलेलं मूल परीक्षेत शब्दही 'अ'ने लिहितं. त्याऐवजी प्रत्येक नव्या शब्दावर आघाताची तिरकी रेघ द्यायला लावा. 'झामक' म्हणजे किल्ला आणि 'झमोक' म्हणजे कुलूप. लिहायचे दोन्ही सारखेच, फरक फक्त आघाताचा. भुईकोट किल्ल्याचं चित्र आणि खरं कुलूप टेबलावर ठेवा, हा धडा मुलं विसरत नाहीत.

जोडलेल्या अक्षरांचं हस्ताक्षर टाळू नका. तिथले प्राध्यापक फळ्यावर तसंच लिहितात. त्यात 'त' इंग्रजी एमसारखा, 'द' जीसारखा आणि 'इ' यूसारखी दिसते. रोज दहा मिनिटं शुद्धलेखन घाला. सुटी अक्षरं नकोत, पूर्ण शब्दच.

प्रश्न : विभक्तीचे तक्ते मुलांना पाठ आहेत, पण बोलताना एकही रूप आठवत नाही.
– एक शिक्षक, विजापूर रोड

उत्तर : तक्ता आधी आणि वाक्य नंतर दिलं की असंच होतं. रशियनमध्ये सहा विभक्त्या आहेत, पण एका वेळी एकच घ्या. प्रथमा आली की स्थळाची विभक्ती : 'मस्क्वा', 'व मस्क्व्ये', म्हणजे मॉस्कोत. मग कर्माची. मग 'ऊ' या शब्दाबरोबर येणारी. इथे मराठी फार उपयोगी पडते. 'ऊ मिन्या येस्त क्नीगा' म्हणजे 'माझ्याकडे पुस्तक आहे', रचना जवळजवळ तीच. इंग्रजीतून विचार करणारं मूल इथे 'मी' कर्ता करून अडकतं. 'ऊ मिन्या बलीत गलवा', म्हणजे माझं डोकं दुखतंय, हेही याच साच्यातलं, आणि रुग्णाशी बोलताना रोज लागणारं.

त्यानंतर रुबल मोजायला लावा : अदीन रूबल, द्वा रुब्ल्या, प्यात रुब्ल्येय. दोन ते चारला एक रूप, पाचपासून दुसरं. अकरा ते चौदा पाचच्या गटात जातात आणि एकवीसला पुन्हा पहिलं रूप येतं. खोटी नाणी घेऊन दुकान मांडा.

लिंगं आपल्यासारखीच तीन. ती बहुतेक शब्दांच्या शेवटावरून कळतात : व्यंजन असेल तर पुल्लिंग, आ असेल तर स्त्रीलिंग, ओ असेल तर नपुंसकलिंग. मुलं 'ते पुस्तक' या सवयीने 'क्नीगा'ला नपुंसकलिंगी विशेषण लावतात. तिथे प्रत्येक वेळी टोका.

प्रश्न : संस्कृतीच्या तासाला बर्फ आणि लाकडी बाहुल्या यांपलीकडे काय घ्यावं?
– अशोक चौक

उत्तर : जवळचं घ्या. १५व्या शतकात त्वेर या रशियन शहरातला व्यापारी अफानासी निकितिन चौल, जुन्नर करत बिदरला पोहोचला. सोलापूर तेव्हा त्याच बहमनी राज्यात होतं. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला होता. त्याची वाट मुलांना नकाशावर रेखाटायला द्या.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो, त्याच सुमारास, १३ तारखेच्या रात्री, रशियात 'जुनं नवं वर्ष' साजरं होतं. जुनी ज्युलियन दिनदर्शिका १३ दिवस मागे आहे. सरकारने ती १९१८मध्ये सोडली, चर्चने सोडली नाही. म्हणून तिथला नाताळ ७ जानेवारीला.

रोजच्या वागण्यातलं मात्र तोंडी घोटून घ्या. शिक्षकांना सर, मॅडम म्हणत नाहीत. नाव आणि वडिलांचं नाव घेतात, जसं आन्ना इवानोव्ना. 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. शिक्षकांशी नेहमी 'वी'. कुणाला फुलं द्यायची तर तीन, पाच अशी विषम संख्येत. सम संख्येतली फुलं तिथे अंत्यविधीला नेतात, आणि आपल्या मुलांना फुलं मोजायची सवय नसते, म्हणून हे निघण्याआधीच सांगा.