माळरानाचे उद्यान करताना

प्रश्न : आमचे गाव छत्रपती संभाजीनगर शहराला लागून आहे. गावाच्या मुरमाड गायरानावर निसर्ग उद्यान करावे, असा ग्रामपंचायतीचा विचार आहे. काहींना हिरवळ, कारंजी आणि रोषणाई हवी आहे. पण तेथे ससे, तितर आणि क्वचित खोकडही दिसते. लोकांचा विरंगुळा आणि वन्यजीवांचे रक्षण एकाच जागी साधेल काय? – एक वाचक

उत्तर : नक्की साधेल; मात्र माळाला पडीक जमीन समजणे आधी सोडावे लागेल. कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते आणि मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर हीच खोकडाची, तितराची आणि चंडोलाची हक्काची जागा आहे. तेथे खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावली, तर डोळ्यांना हिरवे दिसेल, पण उघड्या माळावर जगणारे हे जीव निघून जातील. शिवाय ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरतात, तेथे हिरवळीला पाणी पाजणे मला तरी पटत नाही.

टिटवीचेच पाहा. ती खडे रचून केलेल्या उथळ खळग्यात साधारणपणे चार अंडी घालते आणि ती मुरमात इतकी मिसळून जातात की, पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. मार्च ते ऑगस्ट हा तिचा विणीचा काळ असल्याने त्या दिवसांत लोकांनी आखलेल्या पायवाटेवरूनच फिरावे आणि कुत्री मोकळी सोडू नयेत. बाके, मुलांची खेळणी आणि वाहनतळ प्रवेशद्वाराजवळच ठेवावेत, पलीकडचा माळ मोकळा सोडावा आणि सूर्यास्तानंतर दिवे लावू नयेत. पाणवठ्याचे काठ उतरते असावेत. उभ्या भिंतींच्या हौदात पडलेल्या लहान प्राण्याला बाहेर येता येत नाही.

गायरान मुळात गुरांच्या चराईसाठी राखलेले असते, म्हणून वापर बदलण्यापूर्वी महसूल विभागाची परवानगी घ्यावी आणि गुराख्यांशीही बोलावे. गवताचे बी पडून गेल्यावर, दिवाळीनंतर, त्यांना चारा कापून नेऊ दिला, तर वणव्याचा धोका घटतो आणि उद्यान त्यांनाही आपले वाटते. जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. आपल्या गावच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत या माळाची नोंद आधी पूर्ण करावी आणि मगच वास्तुरचनाकाराला आराखडा काढण्यास सांगावे.