बावीसातले अठरा प्रश्न काढून टाक

अगं, तुझा मेसेज वाचला. आपल्या सांगली आकाशवाणीसाठी आटपाडीकडच्या कादंबरीकारांची तासाभराची मुलाखत तुझ्याकडं आलीय हे वाचून खरंच आनंद झाला. प्रश्नांची यादीपण बघितली, बावीस आहेत. त्यातले अठरा काढून टाक. वाईट वाटून घेऊ नकोस, पण लेखनाची सुरुवात कशी झाली, प्रेरणा कुठून मिळाली, नवोदितांना काय सांगाल, ह्याची उत्तरं त्यांनी आजवर पन्नास ठिकाणी दिली असतील, ती तोंडपाठ झालेली असतात, आणि रेडिओवर तोंडपाठ उत्तर लगेच ओळखू येतं कारण तिथं ना चेहरा दिसतो ना हातवारे, नुसता आवाज.

मी सुरुवातीला हेच करायचो. एकदा एका कादंबरीकारांना बोलावलं होतं आणि मी मलपृष्ठावरचा मजकूर आणि पहिली दोन प्रकरणं एवढंच वाचून बसलो. तिसऱ्याच प्रश्नात नायिकेच्या मुलीला मी तिची धाकटी बहीण म्हणालो. माणूस सज्जन, हळूच दुरुस्त केलं त्यांनी, पण त्यानंतर सगळी उत्तरं एकेका वाक्याची. त्यांनी दहा वर्षं घालवलेली त्या पुस्तकात आणि मी दोन रात्री दिल्या नव्हत्या. अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून पुस्तक पूर्ण वाच, दोनदा वाच, हातात पेन्सिल घेऊन. अमेरिकेत शिकागोला स्टड्स टर्केल नावाचा माणूस १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं एकाच रेडिओ स्टेशनवर मुलाखती घेत होता, तो लेखकाचं पुस्तक खुणा करकरून वाचून मगच समोर बसायचा. पानावरनं निघालेला प्रश्न विचारला की लेखकाला कळतं, हिनं वाचलंय, आणि मग तो सैलावतो.

आता माणदेशातलंच घे. व्यंकटेश माडगूळकर स्वतः कितीतरी वर्षं पुणे आकाशवाणीत होते. ते आज समोर असते तर मी माणदेशाविषयी सांगा असं म्हणलो नसतो. ते चित्रंही काढायचे, म्हणून विचारलं असतं की 'बनगरवाडी'त दुष्काळानं वाडी ओस पडते तेव्हा आधी डोळ्यापुढं चित्र आलं का वाक्य आलं? आणि मग गप्प बसलो असतो.

हे गप्प बसणं मला मिरजेनं शिकवलं. सतारमेकर गल्लीत एका कारागिरांची मुलाखत करायला गेलतो (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बरंच आधीची गोष्ट). मी परंपरा, घराणं, शासनाची मदत असलं काहीबाही विचारत होतो आणि ते हो, नाही एवढंच म्हणत होते. शेवटी मी कंटाळून म्हणलं, जवारी, म्हणजे तारेचं ते गुंजणं, कशी लागते ते दाखवा की. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवला, तार छेडली, ऐकलं, परत केसभर सरकवला. बराच वेळ कुणीच बोललं नाही, रेकॉर्डिंगचं मशीन चालू होतं. एका जागेवर दोरा आला आणि तार एकदम उघडली, खोलीभर गुंजायला लागली. मग ते आपणहून बोलायला लागले, वडील कानाला हात लावून कसं ऐकायचे, तंबोऱ्याचा पहिला भोपळा स्वतःच्या हातनं कसा फुटला, आणि पुढची चाळीस मिनिटं मला एक प्रश्न विचारावा लागला नाही.

कादंबरीकाराचंही तसंच. काम कसं केलंत ते विचार, हाताला धरून विचार. हे प्रकरण मधेच का तोडलं, ह्या म्हातारीला नाव का नाही दिलं. उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, मनात पाच मोज. खरं ते बहुतेक वेळा त्या पाचानंतर येतं.

आणखी एक, चहा पिताना चांगला प्रश्न अजिबात विचारायचा नाही. तिथं ते जीव ओतून सांगतात, आणि माईकपुढं परत विचारलं की "मघाशी म्हणलो तसं" एवढ्यात उरकतात. चहाला पाऊसपाणी, पोराबाळांचं, बास.

माईक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला धर, नाहीतर प, फ, भ फुटतात. फॅन बंद करायला सांग. ते बोलत असताना हं हं करू नकोस, मान हलव, तुझं हं नंतर एडिटमध्ये निघत नाही. शेवटी कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड कर, जोडकामाला लागतो. आणि एडिट करताना थांबलेल्या जागा सगळ्या कापू नकोस. आमच्या वेळी टेप ब्लेडनं कापून चिकटवायला लागायची म्हणून कापताना दहादा विचार व्हायचा, आता बटण दाबलं की गेलं.

सांगली केंद्र १९६३ सालचं. मीडियम वेव्हला १२५१ किलोहर्ट्झवर दुपारी कामं उरकता उरकता ऐकणाऱ्या बायका, गोठ्यात रेडिओ अडकवणारे लोक, ह्यांच्यासाठी बोलतोय आपण. त्यांना पुस्तक माहीत नसेल. प्रश्नातच दोन वाक्यात गोष्ट सांगून टाक, पण साहित्यिक चर्चेचा सूर नको.

गुरुवारी विट्यावरनं जाणार असशील तर सकाळी लवकर नीघ, बॅटरी दोन घे. आणि कापाकापी करायच्या आधी कच्चं रेकॉर्डिंग मला पाठव, मी सगळं ऐकणार आहे.