कोबेच्या कितानोमधली परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं बघण्यासारखी आहेत का?

तुम्ही विचारलंय, ओसाकाहून एका दिवसासाठी कोबेला जाऊन कितानो या उतारावरच्या भागातली 'इजिनकान', म्हणजे परदेशी लोकांची जुनी घरं, बघावीत, की तो नुसता पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे? माझं मत, जा. पण बऱ्याच घरांचं एकत्र तिकीट घ्यायच्या फंदात पडू नका. मी घेतलं होतं. चौथ्या घरापर्यंत झुंबर, पलंग, जेवणाचं टेबल यांतलं कुठलं कुठे पाहिलं तेच आठवेना.

दोन घरं पुरेत, दोन्ही एकाच चौकाशी. 'काझामिदोरी' हे गॉटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याचं १९०९ सालचं लाल विटांचं घर, मनोऱ्यावर वारा दाखवणारा कोंबडा. दुसरं 'मोएगी', फिकट हिरवं, लाकडी; १९०३मध्ये अमेरिकी वाणिज्यदूत हंटर शार्प यांच्यासाठी बांधलेलं. मी सगळ्यात जास्त वेळ याच्या बागेत काढला. १९९५च्या भूकंपात कोसळलेलं विटांचं धुराडं तिथं जपून ठेवलंय. घरात सगळं चकाचक, आणि बाहेर हे!

दुरुस्तीसाठी अधूनमधून घरं बंद असतात, तेवढं आधी बघून घ्या. सान्नोमिया या कोबेच्या मुख्य स्टेशनाहून पायी गेलात तर पंधरा-वीस मिनिटांचा चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर मेट्रोने एकच स्टेशन पुढे, शिन-कोबेला उतरा.

१८६८मध्ये बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं तेव्हा परकीयांना समुद्रालगत जागा नेमून दिली होती. ती अपुरी पडू लागली तशी मंडळी या उतारावर चढली. यात आपलीही माणसं होती, हे त्या सजवलेल्या दिवाणखान्यांत कुठे जाणवत नाही. १८९३मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं निप्पोन युसेन या जपानी जहाज कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली, मुख्यतः कापसासाठी. १९२३च्या भूकंपानंतर योकोहामातले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले.

म्हणून तिकिटाचे वाचलेले पैसे आणि वेळ खालच्या गल्ल्यांसाठी ठेवा. तिथं १९३५ची, जपानमधली पहिली मशीद आहे. १९४५च्या बॉम्बहल्ल्यातून आणि १९९५च्या भूकंपातूनही ती वाचली. जवळच पांढऱ्या संगमरवराचं जैन देरासर आहे, गुजराती मोती-व्यापाऱ्यांच्या वस्तीतलं. जपानी घरांच्या रांगेत अचानक शिखर दिसलं, तेव्हा क्षणभर वाळकेश्वरलाच आलो की काय असं वाटलं.