हे ड्रॉपचं वर्ष नेमकं कुणासाठी?

पत्र : आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मुलीने एमबीबीएसच्या प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली. ७२०पैकी पहिल्यांदा ३९६, यंदा ४३८. आणखी एक ड्रॉप घे, म्हणजे कुठे प्रवेश न घेता वर्षभर पुन्हा तयारी कर म्हणतोय, तर ऐकत नाही. तिला मेंदूवर संशोधन करायचंय. माझ्या आईला (वय ७८) तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, तेव्हापासून हे मुलीच्या डोक्यात शिरलंय. मेंदूतल्या पेशींचे जोड कसे बदलतात, त्या सिनॅप्टिक प्लास्टिसिटीवरचे व्हिडिओ बघत बसते. आजीला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, मग लहानपणीच्या ओव्या कशा आठवतात, असले प्रश्न विचारते. आम्ही दोघंही नोकरीला जातो. ती घरी बसून अभ्यास करते, त्यामुळे आईकडेही लक्ष राहतं. मेंदूचंच करायचं तर आधी एमबीबीएस हो, मग काय ते संशोधन कर, उद्या आजीवरच औषध शोधशील, असं समजावून पाहिलं. तिला न सांगता लिहितोय. काय करावं?

उत्तर : तुमचा प्रश्न नीटचा आहे, पण मी अडकले ती ‘त्यामुळे आईकडेही लक्ष राहतं’ या वाक्यापाशी. तुम्ही ते ओघात लिहून गेलात. लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे अल्झायमरचा रुग्ण ज्या घरात आहे तिथे वेगळं सांगावं लागत नाही. गॅस बंद आहे ना, दाराची कडी लावलेली आहे ना, हे सारखं बघायचं. ‘मला माझ्या घरी सोड’ हे दिवसातून कितीदा तरी ऐकायचं आणि दर वेळी न चिडता उत्तर द्यायचं. जेवण भरवायचं, कपडे बदलायचे, बाथरूमला न्यायचं. अशा रुग्णांच्या झोपेचं चक्रही बिघडतं, म्हणजे रात्री उठणारं माणूसही बहुधा तीच असणार.

तुम्हाला वाटतंय, मुलगी दोन वर्षं नीटची तयारी करतेय. मला दिसतंय ते असं, की ती पूर्णवेळ शुश्रूषा करतेय आणि उरलेल्या वेळात नीट देतेय. तेवढ्यात ४३८ आणले, हे मला मुळीच कमी वाटत नाहीत. तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. मुंबईत दिवसभराची बाई ठेवायची तर एकाचा अर्धा पगार जातो, हे मलाही माहीत आहे. पण आणखी एक ड्रॉप तुम्हाला इतका सोयीचा का वाटतोय, याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या. तिच्या जागी मुलगा असता तर एव्हाना तो क्लाससाठी बाहेर पडला असता आणि आईंसाठी काहीतरी वेगळी सोय झाली असती. वाचताना मनात आलं, म्हणून लिहिलं.

दुसरं, ते ‘आजीवरच औषध शोधशील’. हे तिला पुन्हा म्हणू नका. संशोधनाला लागायलाच तिला अजून पाच-सहा वर्षं आहेत आणि तिच्या आजी आज ७८ वर्षांच्या आहेत. अल्झायमरवर अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषध मेंदूत साचणारी अमायलॉइड या प्रथिनाची पुटं काढतं. तरीही दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची घसरण फक्त काहीशी मंदावली, गेलेली स्मृती परत आली नाही. तिथवर पोचायलाही जगभरातल्या प्रयोगशाळांची काही दशकं गेली. हे ओझं तुमच्या मुलीच्या डोक्यावर कशाला?

ओव्यांचा प्रश्न मात्र तुम्ही तक्रार म्हणून लिहिलाय आणि मला तोच तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला भाग वाटला. या आजाराचा घाला सुरुवातीलाच मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आणि त्याच्या शेजारच्या भागावर पडतो. नव्या आठवणी रुजायला तो भाग लागतो. जुन्या, घोटून पक्क्या झालेल्या आठवणी मेंदूच्या बाह्यपटलात पसरलेल्या असतात, म्हणून त्या जास्त टिकतात, असं मानलं जातं. सकाळचा नाश्ता जातो, ओवी राहते. आता प्लास्टिसिटी. दोन चेतापेशींमधला जोड म्हणजे सिनॅप्स आणि तो वापराप्रमाणे बळकट किंवा दुबळा होतो. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही क्षण वेगाने विद्युतस्पंद दिले की पुढे कित्येक तास त्या जोडांचा प्रतिसाद वाढलेला राहतो, असं त्यात दिसलं. अल्झायमरमध्ये पेशी मरण्याआधी हे जोडच ढासळू लागतात. रुग्णाची स्मृती किती गेली याचा मेळ पुटांपेक्षा नष्ट झालेल्या सिनॅप्सच्या संख्येशी जास्त चांगला बसतो. तुमची मुलगी व्हिडिओत वेळ घालवत नाहीये. घरात जे बघतेय त्याचं कारण शोधतेय.

‘आधी एमबीबीएस, मग संशोधन’ हा समज मला दर हंगामात भेटतो. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, न्यूरॉलॉजीत डीएम ही त्यापुढची पदवी आणखी तीन. या साडेअकरा वर्षांत ती रुग्ण तपासायला उत्तम शिकेल, पण सिनॅप्सवर प्रयोग करायला शिकेलच असं नाही. डॉक्टर होऊन संशोधनाकडे वळलेले लोक आहेत. सागरी गोगलगाईवर स्मृतीचा अभ्यास करून २००० सालचं नोबेल मिळवणारे एरिक कँडेल मुळात मनोविकारतज्ज्ञ. पण तो एकमेव रस्ता नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांची पीएचडी जीवरसायनशास्त्रातली आहे. त्यांच्या गटाने २०१२ साली अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांना अश्वगंधाचा अर्क दिला. अमायलॉइड कमी झालं, स्मृती सुधारली आणि परिणाम घडला तो मेंदूतून नव्हे, यकृताच्या मार्गाने! (हे वाचून आईंना अश्वगंधा सुरू करू नका. उंदरांचं ते उंदरांचं. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही.)

वाटा सांगायच्या तर, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा, कलिन्याच्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेससाठी नेस्ट ही परीक्षा, नाहीतर रुईया किंवा झेवियर्समधून लाइफ सायन्समध्ये बीएस्सी करून पुढे टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या ठिकाणच्या प्रवेशपरीक्षा. पात्रतेच्या अटी आणि तारखा त्या त्या संकेतस्थळावर बघा.

पण तिचीही थोडी कानउघाडणी करते. नीटच्या नादात तिने गणित सोडलं असेल तर ते परत धरावं लागेल. आयएटीत गणिताचे प्रश्न असतात आणि पुढे चेतापेशींच्या नोंदी वाचायला सांख्यिकी आणि प्रोग्रॅमिंगशिवाय चालत नाही. उंदरांवर काम करायची मनाची तयारी हवी. महिनोन् महिने प्रयोग फसतात. पीएचडीच्या सुरुवातीला जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं हंगामी संशोधन. कायमच्या नोकरीसाठी तिशी ओलांडेल. नातेवाईक विचारतील, ‘अजून शिकतेच आहे का?’ त्यांना उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही.

मी तुमच्या जागी असते तर आधी आईंची व्यवस्था लावली असती. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीची मुंबई शाखा आणि डिग्निटी फाउंडेशन अशा रुग्णांसाठी काम करतात, दिवसभराच्या देखभाल केंद्रांची चौकशी तिथे करा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजी आणि मनोविकार विभाग आहेत. आईंची झोप, चिडचिड यांवर उपाय तिथे विचारता येतील. आठवड्यातले काही दिवस तुम्ही आणि तुमच्या पत्नी वाटून घ्या. तुमच्या भावंडांचा पत्रात उल्लेख नाही. असतील तर त्यांनाही फोन करा, आई त्यांचीही आहे. दुपारचे चार तास मुलगी घराबाहेर, वाचनालयात, हे पुढच्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवं. रात्रीचं जागरण तर आजपासून बंद.

हे सगळं झाल्यावरही ती ‘नीटच देते’ म्हणाली, तर खुशाल देऊ द्या. तो निर्णय तिचा असेल. आणि हे पत्र तिला दाखवा. मला पुढे काही विचारायचं असेल तर तिने स्वतः विचारावं. दहावीनंतर गणित घेतलं होतं का आणि कुठवर जमतं, एवढं मात्र आठवणीने लिहायला सांगा.