ख्रिस्ती घरातल्या मुलीने कराटे शिकलं तर चालतं का?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारा वर्षांची, आठ महिन्यांपासून कराटेला जाते. क्लास सुरू होताना सगळी मुलं भिंतीवरच्या एका जपानी म्हाताऱ्याच्या फोटोपुढे वाकतात, मग मिनिटभर डोळे मिटून बसतात. तुमच्या प्रार्थना गटातल्या एक मावशी म्हणाल्या की ही मूर्तिपूजा आहे, मन रिकामं केलं की त्यात भलतंच काही शिरतं, आणि मारामारी शिकणं तर प्रभूच्या शिकवणीच्या उलटच. पुढच्या महिन्यात बेल्टची परीक्षा आहे. फी भरावी की क्लास बंद करावा?

भरा. कारणं सांगतो, थोडं लांबेल.

मी सोलापूरचाच. आमच्या घरात तीन पिढ्या चर्च आहे. वडील मंडळीचे पंच होते आणि गिरणीत कामाला. तेराव्या वर्षी मी कराटेचं नाव काढलं तेव्हा आईची हरकत धर्माची नव्हती, पांढऱ्या कपड्यांची होती. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही आणि हे रोज मातीत लोळून येणार, धुवायचं कुणी? वडिलांनी एवढंच विचारलं, "वाकता ते कुणापुढं?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ते सायकलवर थेट शाळेच्या मैदानावर आले, कट्ट्यावर बसले आणि दीड तास हलले नाहीत. घरी येताना म्हणाले, "तुमचे सर पण तुमच्यापुढं वाकतात की रे. मूर्ती काय उलटून वाकत नसती." आमच्या घरात तो विषय तिथेच मिटला.

तुमच्या फोटोतला म्हातारा बहुतेक गिचिन फुनाकोशी असणार. ओकिनावा बेटावर १८६८ साली जन्म, पेशाने शाळामास्तर. बेटावरची ही विद्या त्यांनी १९२२ साली टोकियोत करून दाखवली आणि तिथून ती जपानभर गेली. १९५७ साली वारले. त्यांना कुणी देव मानत नाही. शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात, तसाच हा मान. जपानी माणूस गिऱ्हाइकापुढे वाकतो, शेजाऱ्यापुढे वाकतो. आपण हात जोडतो किंवा तुम्हीआम्ही सलाम म्हणतो, त्या जागी त्याचं ते वाकणं असतं.

आणि पवित्र शास्त्रात वाकणं म्हणजे दर वेळी भक्ती नव्हे. सारा वारली, तिला पुरायला जागा हवी, म्हणून अब्राहाम हेथी लोकांकडे गेला तेव्हा त्यांच्यापुढे वाकला (उत्पत्ती २३). विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतो आपण त्याला, पण जमिनीच्या सौद्यात त्याने तिथली रीत पाळली. त्याहून मला नामानाची गोष्ट मोठी वाटते (२ राजे ५). अरामाचा सेनापती, कोड बरं झालं, आता परमेश्वरावाचून कुणाला यज्ञ करणार नाही असं अलीशाला सांगून मोकळा झाला. मग त्याला अडचण आठवली. आमचा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकतो, तो वाकला की मलाही वाकावं लागतं. तेवढ्याची क्षमा व्हावी. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला दर वेळी वाटायचं, आता संदेष्टा भडकणार. अलीशा म्हणतो, शांतीने जा. बस, एवढंच. आणि तिथे तर खरं देऊळ होतं, खरी मूर्ती होती. दानीएलाच्या पुस्तकातले तिघे वाकले नाहीत, कारण तिथे राजाचं फर्मानच होतं की पुतळ्याची भक्ती करा, नाहीतर भट्टीत जा. आपल्या मंडळ्यांत या तिघांवर दरवर्षी एखादा तरी संदेश होतो. नामानाच्या त्या विनंतीवर मी आजवर एकही ऐकलेला नाही.

डोळे मिटण्याला मोकुसो म्हणतात. त्याला झेनचा, म्हणजे जपानमधल्या बौद्ध ध्यानपंथाचा, वास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कराटे या नावातल्या 'कारा'चा, म्हणजे रिकामेपणाचा, अर्थ सांगताना खुद्द फुनाकोशीही बौद्धांच्या शून्याकडे बोट दाखवतात. पण प्रत्यक्ष क्लासात काय चालतं? तीस मुलं, एकाचं नाक वाहतंय, दुसरं शेजाऱ्याला कोपर मारतंय. मन रिकामं व्हायला उसंतच नसते. मी त्या वेळात तेविसावं स्तोत्र मनात म्हणायचो. 'मोकुसो यामे', म्हणजे 'आता थांबा', ऐकू यायच्या आत साधारण मृत्युच्छायेच्या दरीपर्यंत पोचायचो. तुमच्या मुलीलाही तसं करता येईल, कुणाला कळणारही नाही.

एकदा गॅदरिंगला आमच्यातल्या एकाने एकावर एक रचलेली मंगलोरी कौलं कोपराने फोडली, तर चर्चमधले एक काका म्हणाले, ही शक्ती वरची नाही. शक्ती कसली, कौलं खडखडीत वाळलेली घेतात आणि दोन कौलांच्या मध्ये पट्ट्या ठेवतात, म्हणजे एकेक वेगवेगळं फुटतं. फळी असली तर ती रेषांच्या दिशेने फुटेल अशी धरतात. गंमत म्हणजे ही कौलं कारखान्यात करायला आपल्या देशात सुरुवात केली ती मंगळूरच्या बासेल मिशनने, १८६०च्या दशकात. काकांना सैतान दिसला तो मिशनच्याच कौलात.

म्हणजे सगळंच खपतं असं माझं म्हणणं नाही. ऐकिडो या दुसऱ्या जपानी युद्धकलेचे संस्थापक मोरिहेई उएशिबा ओमोतो नावाच्या जपानी पंथाचे होते आणि त्यांच्या शिकवणुकीत तो पंथ खोल मुरलेला आहे. केरळातल्या कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यात, नैर्ऋत्य कोपऱ्यात पूत्तरा नावाचा सात पायऱ्यांचा पूजेचा ओटा असतो, तिथे देवतेला वंदन करून सुरुवात होते. तरी जुन्या काळी तिथल्या सीरियन ख्रिस्ती घराण्यांतही कळरी शिकत आणि शिकवतही. आणि इतक्या लांब कशाला, आपली तालीम घ्या. माझे आजोबा वस्तीतल्या तालमीत जायचे. आखाड्यात उतरताना बाकीचे पैलवान मारुतीला हात जोडायचे, आजोबा लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावायचे. वस्ताद कधी काही बोलले नाहीत. शनिवारी मारुतीला नारळ फुटायचा आणि सगळ्यांना खोबरं मिळायचं. ते आजोबा खायचे का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आजी म्हणायची, कधी तोंडाला लावलं नाही. आत्या म्हणते, खिशात घालून आम्हाला आणायचे.

करिंथच्या मंडळीत नेमका हाच वाद पेटला होता, मूर्तीला दाखवलेल्या मांसावरून. पौलाचा निवाडा फार शहाणा आहे (१ करिंथ १०). बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण कुणी येऊन सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही स्वतःच्या नव्हे तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकाकरता. तुमच्या मावशींना मी याच हिशेबात धरतो. त्यांच्याशी वाद घालू नका, एखाद्या संध्याकाळी क्लासला घेऊन जा, कट्ट्यावर बसवा. तरी त्यांच्या जिवाला लागलंच, तर फोटोच्या वेळी मुलीने नुसतं सरळ उभं राहावं. सरांना आधी सांगितलं तर सहसा कुणी आडकाठी करत नाही. मात्र क्लासात आरती, मंत्र, दीक्षा असलं काही सक्तीने चालत असेल, किंवा सर हाताने रोग बरे करण्याच्या गोष्टी करत असतील, तर त्याच दिवशी मुलीला घरी आणा. तसंच 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट' असा बोर्ड असेल तरी आणा. तिथे धर्माला नाही, खिशाला धोका आहे.

आता दुसऱ्या गालाचं. उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर तो उलटा हातच पडतो, म्हणजे प्रभू तिथे अपमानाबद्दल बोलतोय, जिवावरच्या हल्ल्याबद्दल नाही, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. महायाजकासमोर शिपायाने खुद्द त्याला चपराक मारली तेव्हा त्याने उलट मारलं नाही आणि दुसरा गालही पुढे केला नाही. मला का मारतोस, असं तोंडावर विचारलं (योहान १८). त्याच अध्यायात, बागेत पेत्राने महायाजकाचा चाकर मल्ख याचा कान तोडला तेव्हा मात्र तलवार म्यानात घालायला लावली. मेनोनाइट आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथांतल्या मंडळींना कुठलीच हिंसा मान्य नाही, लढाईला नकार देऊन त्यांच्यातले लोक तुरुंगातही गेलेत. त्यांच्यापुढे मी तोंड उघडत नाही. पण बारा वर्षांच्या पोरीचं मनगट कुणी धरलं, तिने पकडीच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन ते सोडवलं आणि ओरडत पळाली, तर त्यात मला प्रभूची अवज्ञा दिसत नाही.

मला मात्र कराटेने एकदा वाईट ठिकाणी नेलं. तेव्हा बावीस वर्षांचा होतो, कमरेला ब्राऊन बेल्ट, म्हणजे ब्लॅकच्या खालचा. रविवारी उपासना सुटली आणि आम्ही पोरं सात रस्त्याला चहाला थांबलो. एकाने लुना मागे घेताना माझ्या गाडीचा इंडिकेटर फोडला आणि वर म्हणाला, "काय बे, गाडी कुठं लावायची कळत नाही का?" मीही काहीतरी बोललो. त्याने छातीवर हात ठेवून ढकललं. झालं ते एवढंच. मला मागे सरकायला जागा होती, ती जागा अजून डोळ्यांपुढे आहे. मी पंच मारला. नऊ वर्षं रोज शे-दीडशे वेळा हवेत मारलेला पंच पहिल्यांदा कशाला तरी लागला. समोरचे दोन दात गेले. तो खाली बसला आणि तोंडाला लावलेला हात समोर धरून बघत राहिला. माझ्याहून लहान होता, यंत्रमागावर कांड्या भरायचा.

स्वसंरक्षण वगैरे काही नव्हतं ते. कायद्यातही तो हक्क गरजेपुरताच आहे. पौल म्हणतो, मी हवेत ठोसे मारत नाही, स्वतःच्याच शरीराला ताब्यात ठेवतो (१ करिंथ ९). मी हवेतले ठोसे तेवढे घोटले होते.

सोमवारी सरांना कळलं. सर दर गुरुवारी अक्कलकोटला जाणारे, स्वामींचे भक्त. त्यांनी सगळ्या क्लाससमोर मला बेल्ट सोडायला लावला. "कराटेत पहिला वार नसतो. हे फुनाकोशींचं वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं रे मी?" पुढचं वर्षभर पांढरा बेल्ट बांधून मी लहान मुलांच्या रांगेत शेवटी उभा होतो. त्या पोराच्या घरी सर मला स्वतः घेऊन गेले आणि दातांचे पैसे माझ्या पगारातून हप्त्याने द्यायला लावले. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. तो मला गिळता येईना.

आणि चर्चमध्ये? वाकण्यावरून तोपर्यंत मला तीन जणांनी टोकलं होतं. दात पाडल्यावर त्यांतल्याच दोघांनी पाठ थोपटली, "बरं केलंस, आता आपल्या पोरांच्या वाटेला कुणी जायचं नाही." वडील मात्र आठवडाभर माझ्या पंगतीला बसले नाहीत.

म्हणून ताई, फोटोकडे जरा कमी बघा आणि पोरीकडे जास्त. भाऊ हातातला रिमोट ओढतो तेव्हा आठ महिन्यांपूर्वी ती काय करायची आणि आता काय करते? हरून आल्यावर जेवते का? क्लासमधल्या कच्च्या मुलीबद्दल घरी कसं बोलते? क्लास चांगला असला तर फरक तिथे दिसतो. चिडकेपणा वाढलेला दिसला तर सरांशी बोला, आणि सरच 'असंच पाहिजे, ॲग्रेशन पाहिजे' म्हणाले तर क्लास बदला.

एक अडचण मावशींनी सांगितली नाही, ती मी सांगतो, कारण ती नक्की येणार: रविवार. परीक्षा, स्पर्धा, कॅम्प, सगळं रविवारी सकाळी असतं. आमच्या तरुण संघातली दोन पोरं वाकण्याने नाही, स्पर्धांनी चर्चपासून तुटली. दोन वर्षांत उपासनेला यायचीच बंद झाली. तेव्हा फी भरताना सरांना आत्ताच सांगून ठेवा की मुलगी उपासना सुटल्यावर येईल, तिचा नंबर शेवटी लावा. बहुतेक सर ऐकतात. माझ्या सरांनीही ऐकलं होतं. पांढऱ्यापासून पुन्हा सुरुवात केल्यावरची माझी पहिली परीक्षा त्यांनी सगळ्यांच्या शेवटी घेतली, मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, पत्र्याच्या शेडखाली.