सोलापुरात रोज सायकल चालवण्यासाठी बॅगेत मावणारा हलका रेनकोट कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय, तुमचा रस्ता जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, पाठीवर लॅपटॉप आणि डबा. मोटारसायकलवरचा जाड रेनकोट घालून पॅडल मारलं की बाहेरून कोरडे आणि आतून घामाने चिंब. म्हणून आता 20,000 मिलिमीटर वॉटरप्रूफ रेटिंगचं आठ हजारांचं जॅकेट घ्यायचं मनात आहे. माझ्या मते घेऊ नका. जॅकेट वाईट असेल असं नाही, पण ते आपल्या पावसासाठी केलेलं नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपण पर्जन्यछायेतले. जून-जुलैत आपल्याकडे भुरभुर, ढग आणि वारा यांचंच राज्य असतं. जोर सप्टेंबरात, आणि तोही बहुतेक वेळा दुपारनंतर: दिवसभर उकडतं, चार-पाचला आभाळ भरून येतं, गडगडाट होतो, अर्धा-पाऊण तास झोडपून काढतो आणि थांबतो. नेमकी तुमची सुटायची वेळ. म्हणजे तुम्हाला जॅकेट वर्षातले बरेच दिवस नुसतं सोबत बाळगायचंय आणि मोजक्याच संध्याकाळी घालायचंय. घरी राहिलेलं भारी जॅकेट काही कामाचं नाही, म्हणून मी पहिला गुण देईन तो घडी केल्यावर किती लहान होतं याला. स्वतःच्याच खिशात गुंडाळलं जाऊन अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढं होत असेल तर ते सीटखालच्या पाऊचमध्ये कायमचं पडून राहू शकतं. वजन 200-250 ग्रॅमच्या आसपास चालेल. 100-150 ग्रॅमचीही मिळतात, पण त्यांचं कापड इतकं पातळ असतं की बॅगेचा पट्टा रोज घासला की लवकर विरतं.

आता त्या आकड्यांबद्दल. 20,000 मिलिमीटर म्हणजे कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर 20 मीटर उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही. सायकलवर अंगावर पडणाऱ्या पावसाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. पाणी दाबाने आत शिरतं ते बॅगेच्या पट्ट्याखाली, खांद्यावर. आपल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या सरीला 5,000 पुरे, 8-10 हजार असेल तर उत्तमच.

दुसरा आकडा 'ब्रीदेबल'चा, आणि गोम तिथे आहे. 10,000 ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडातून 24 तासांत तेवढी वाफ बाहेर पडते. भागाकार करा: तासाला सव्वाचारशे ग्रॅमही नाही. आणि हा हिशोब प्रयोगशाळेतला. वाफ कापडातून बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर त्यामानाने कोरडं असतं म्हणून. सप्टेंबरातल्या संध्याकाळी सर पडत असताना बाहेरची हवाही तितकीच दमट, मग वाफेने जायचं कुठे? उकाड्यात जोर लावून सायकल चालवणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. थंड देशात ज्या मेम्ब्रेनचे, म्हणजे पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पातळ थराचे, गोडवे गायले जातात, ते इथे निम्मंसुद्धा काम करत नाही. घाम जातो तो उघड्या जागेतून: काखेतली चेन, पाठीवर झाकणाखालची जाळी, पुढची वरून-खालून दोन्हीकडून उघडणारी चेन. आठ हजारांच्या मेम्ब्रेनपेक्षा काखेत चेन असलेलं साधं पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगचं नायलॉन आपल्या हवेत जास्त सुखाचं. सर ओसरली की चेन अर्धी उघडायची, वाऱ्याने आतलं वाळायला लागतं.

आणि थोडं भिजलात तर काय बिघडतं? पावसातही आपल्याकडे पारा 22-24 च्या फारसा खाली जात नाही. युरोपातला सायकलवाला भिजायला घाबरतो तो गारठ्यामुळे. तुम्ही दहा-बारा किलोमीटरवर घरी. जॅकेटने छाती-पाठीला वारा लागू दिला नाही तरी निम्मं काम झालं. रात्री तुळजापूर किंवा पंढरपूरच्या रस्त्यावर लांब जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी चांगलं जॅकेट जरूर घ्यावं.

दुकानात गेलात की आधी जॅकेट उलटं करा. शिवणीवर आतून पातळ पारदर्शक टेप चिकटवलेली दिसली पाहिजे. सुई गेली तिथे भोक पडतंच, टेप नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी खांद्याच्या शिवणीतून येणार. मग खुर्चीवर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा: बाही मनगटाच्या वर सरकता कामा नये, आणि मागची बाजू कंबरेखाली उतरायला हवी. उभं राहून आरशात सगळीच जॅकेटं छान दिसतात. जॅकेटला जोडलेली टोपी हेल्मेटखाली बसेल इतकी पातळ असावी आणि मान वळवली की सोबत वळावी, नाहीतर मागची गाडी बघताना डोळ्यासमोर कापड येतं. मी तर ही टोपी वापरतच नाही. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली कापडी कॅप घालतो, चष्म्यावर थेंब कमी येतात.

लेबलवर डेनियर दिलेला असतो. आपल्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांना सुताचा काउंट माहीत, त्यात आकडा वाढला की धागा बारीक. डेनियरचं उलटं: 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. रोजच्या वापराला 20 ते 40 डेनियर ठीक.

पोंचो कुणी सुचवला तर गावात, नवी पेठ-टिळक चौकाकडे हळू चालवायला तो खरंच मस्त, खालून हवा खेळते. पण अक्कलकोट रोडवर शेजारून ट्रक गेला की शिडासारखा फुगतो. तुमच्या रस्त्याला नको. रेनकोटची पँटही घेऊ नका. गुडघ्यात अडकते आणि सगळ्यात जास्त उकडते ती तीच. हाफ पँट, सँडल, आणि ऑफिसची पँट बॅगेत.

जॅकेटमधून वाचलेल्या पैशांतून आधी मडगार्ड बसवा. वरून येतो त्यापेक्षा घाण पाणी चाकावरून पाठीवर जास्त उडतं. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवा, कारण रस्ता सोडून कडेच्या काळ्या मातीत उतरलात की ती अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. दुसरं, मागे कॅरिअर लावून बॅग पाठीवरून खाली उतरवा. पाठीवरची बॅग जॅकेटची मागची जाळीच बंद करते. लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर बॅगेचं रेनकव्हर. सोबत एक छोटा टेरी टॉवेल ठेवा, तो तर आपल्या गावचाच माल.

एक गोष्ट जॅकेटच्या हातातली नाही: वीज. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. निघण्याआधी बघा. गडगडाट सुरू असेल तर कंपनीतच थांबा, आणि वाटेत गाठलं तर झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत. ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्याकडे अतिवृष्टी झाली तसा पाऊस असेल तर निघायचा विचारही नको.

जॅकेट घरी आलं की ओलंच गुंडाळून ठेवू नका. पीयूचं कोटिंग ओलाव्याने चिकट होतं आणि दोनेक वर्षांत पापुद्रे सुटतात. धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. पाण्याचे थेंब मोत्यासारखे न राहता कापडात मुरू लागले आणि लेबलवर इस्त्रीची खूण असेल, तर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, पाणी पुन्हा घरंगळायला लागतं.

रंगाचं शेवटी विचारलंय, काळा की निळा. दोन्ही नको. भडक पिवळा किंवा नारिंगी घ्या, पाठीवर आणि बाहीवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या असलेला. पावसात मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि जॅकेटची मागची झूल सीटवरून लोंबून त्या दिव्यावर येत नाही ना, हे पहिल्याच दिवशी कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्या.