दमट उन्हात गाय निवडताना

प्रश्न : गोव्यात डिचोली तालुक्यात माझ्याकडे दोन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गायी आहेत. मार्च ते मे दूध निम्म्यावर येतं, दुपारी त्या धापा टाकतात. दूध डेअरीला घालतो. या विकून गीर घ्यावी का?

उत्तर : गीर ऊन सोसते, पण ती सौराष्ट्राच्या कोरड्या हवेतली. आपल्याकडे पारा बहुधा ३३-३५ अंशांवर थांबतो. गायीला छळतो तो दमटपणा. हवेतच ओल असली की घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. त्यात भारी अंगाच्या, जास्त दुधाच्या एचएफच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते. गीर इथे तगेल, पण पावसाळ्यात ओल्या गोठ्यात तिचे खूर सांभाळावे लागतील, आणि कालवड घेतलीत तर ती उशिरा विते.

डेअरीसाठी आम्ही जर्सी संकरितच सुचवू, विदेशी रक्त ५० टक्क्यांच्या आसपास. अंग आटोपशीर, वैरण कमी, फॅट चांगलं. रक्त ७५ टक्क्यांवर गेलं की उन्हाबरोबर गोचीड-तापाचाही (थायलेरिया) धोका वाढतो. घरापुरतं दूध हवं असेल तर आपली गोव्याची देशी गाय श्वेतकपिला उत्तम : पापण्यांपर्यंत पांढरी, डोंगरउतारावर चरणारी, दूध मात्र दिवसाला अडीच-तीन लिटर.

विकण्याआधी एक तपासणी जरूर करा. दुपारी दोनला, सावलीत शांत उभ्या गायीच्या कुशीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजा. श्वास ६० च्या वर गेले तर तिला उष्णतेचा ताण आहे. अशा वेळी पुष्कळदा दोष बुटक्या पत्र्याच्या गोठ्याचा निघतो. छप्पर उंच करा, भिंती अर्ध्याच ठेवा. फॉगर लावू नका. बंद गोठ्यात त्याच्या धुक्याने दमटपणा आणखी वाढतो. त्याऐवजी पाठ-खांदे चिंब भिजवून पंधरा मिनिटं पंखा सोडा, असं दुपारभर आलटून-पालटून चालू ठेवा. पाणी कासेवर ओघळू देऊ नका, कासदाह होतो. पेंड पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. पिण्याचं पाणी सावलीत, दिवसभर भरलेलं असावं.

प्रश्न : घाटावरून गाय कधी आणावी?

उत्तर : नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे उन्हाळ्याआधी तिला हवेची सवय होते. दुसऱ्या वेताची बघा, लागोपाठ तीन धारा स्वतःसमोर काढून घ्या, ब्रुसेला (गाभ पाडणारा संसर्ग) आणि क्षयाची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा.